प्रवेशपरीक्षा आणि अभिक्षमता : पेडगाव परिसरातील शिक्षकांच्या कामातून दिसणारे वैद्यकीय प्रवेशाचे चित्र

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश देण्यापूर्वी उमेदवाराची जी परीक्षा घेतली जाते, तिच्याकडून दोन वेगवेगळ्या अपेक्षा ठेवल्या जातात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांचे पुरेसे ज्ञान विद्यार्थ्याने मिळवले आहे की नाही, हे तिने सांगावे, ही पहिली अपेक्षा. आणि डॉक्टर होण्यासाठी लागणारी विचारशक्ती, निर्णय घेण्याची तयारी व माणसांशी वागण्याची रीत त्याच्या अंगी आहे की नाही, याचाही काही अंदाज तिने द्यावा, ही दुसरी. पहिल्या प्रकारच्या परीक्षेला संपादन चाचणी म्हणतात, कारण विद्यार्थ्याने आजवर काय संपादन केले ते ती मोजते. दुसऱ्या प्रकारच्या परीक्षेला अभिक्षमता चाचणी म्हणतात, कारण पुढे काय शिकण्याची क्षमता त्याच्यात आहे याचा ती अदमास घेते. भारतात वैद्यकीय प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘नीट’, म्हणजे राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा, रचनेने पहिल्या प्रकारची आहे. परंतु समाजात तिच्या गुणांचा अर्थ दुसऱ्या प्रकारच्या परीक्षेसारखा लावला जातो आणि कमी गुण मिळालेल्या मुलाची डॉक्टर होण्याची कुवतच नाही, असे सर्रास मानले जाते. परभणी जिल्ह्यातील पेडगाव आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुलांना अकरावी-बारावीला विज्ञान शिकवणाऱ्या, आणि प्रवेशाच्या हंगामात त्यांच्या शेजारी बसून अर्जापासून पसंतीक्रमापर्यंत सर्व कामे पार पाडणाऱ्या शिक्षकांचा अनुभव या समजुतीशी जुळत नाही. तो अनुभव मांडणे आणि त्यातून निघणाऱ्या निष्कर्षांचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पेडगाव हे परभणी तालुक्यातील गाव मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, परभणी आणि मानवत रोड या स्थानकांच्या दरम्यान आहे. परिसरातील शेती काळ्या जमिनीची असून सोयाबीन, कापूस आणि तूर या पिकांवर बहुतेक कुटुंबांचा वर्षाचा हिशेब चालतो. या भागातील मुले बहुधा मराठी माध्यमातून किंवा गणित-विज्ञान इंग्रजीत शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजी वर्गांतून दहावी होतात, आणि विज्ञान शाखा घेणारी मुले पुढे परभणीला जाऊ-येऊ लागतात. ज्यांच्या घरी थोडी ऐपत असते, ती नांदेडला किंवा लातूरला राहायला जातात. १९८०च्या दशकापासून जादा तासिका, वारंवार सराव चाचण्या आणि उत्तरपत्रिकांची काटेकोर तपासणी यांतून लातूरच्या महाविद्यालयांनी जी शिस्त घडवली, ती ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर परिचित आहे, आणि मराठवाड्यातील पालकांच्या मनात डॉक्टरकीची वाट आजही त्या शहरातून जाते. त्यामुळे पेडगावच्या मुलापुढील पहिला अडथळा परीक्षेच्या दोन वर्षे आधीच उभा राहतो: घर सोडायचे की नाही, सोडायचे तर खोली, मेस आणि क्लास यांचा खर्च कुठून करायचा, आणि घरी राहायचे तर रोजच्या प्रवासात जाणारे तास कसे भरून काढायचे.

या परीक्षेचे आजचे रूप समजून घेण्यासाठी तिची पार्श्वभूमी पाहावी लागते. एके काळी महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेश बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांतील गुणांवर होत असत. पुढे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, सुरू झाली. तिच्या जोडीला अखिल भारतीय जागांसाठी एक परीक्षा, खासगी महाविद्यालयांच्या संघटनेची स्वतंत्र परीक्षा, अभिमत विद्यापीठांच्या आपापल्या परीक्षा आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची वेगळी परीक्षा अशी रांगच असे. प्रत्येक परीक्षेचे शुल्क निराळे, केंद्र निराळे आणि प्रश्नांची धाटणीही निराळी असल्यामुळे ज्याला प्रवासाचा व शुल्काचा खर्च झेपत असे, त्याला अधिक संधी मिळत. देशभर एकच परीक्षा घेण्याचा निर्णय २०१०मध्ये अधिसूचित झाला आणि मे २०१३मध्ये पहिली नीट झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, एप्रिल २०१६मध्ये न्यायालयाने तो निकाल मागे घेतला आणि नीट पुन्हा लागू झाली. राज्याच्या अभ्यासक्रमावर दोन वर्षे सीईटीची तयारी केलेल्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना परीक्षा तोंडावर आली असताना आपली परीक्षाच बदलल्याचे कळले, आणि मे २०१६मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून राज्यांच्या जागांना त्या वर्षापुरती सूट दिल्यानंतर तो गोंधळ निवळला.

एका परीक्षेच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे, आणि ग्रामीण भागातील शिक्षक ते मोकळेपणाने मान्य करतात. खासगी महाविद्यालयांत देणगी घेऊन प्रवेश देण्याच्या प्रथेला आळा बसावा म्हणून महाराष्ट्राने १९८७मध्ये कॅपिटेशन शुल्कास बंदी करणारा कायदा केला होता. तरीही गुणवत्ता यादीला वळसा घालणाऱ्या वाटा पूर्णपणे बंद झाल्या नव्हत्या. नीटनंतर खासगी व अभिमत संस्थांनाही त्याच गुणांच्या आधारे प्रवेश द्यावे लागले, एकच अर्ज आणि एकच शुल्क भरून देशभरातील जागांसाठी दावा करता येऊ लागला, परभणीतच परीक्षा केंद्र मिळू लागले आणि २०१७पासून प्रश्नपत्रिका मराठीतूनही उपलब्ध झाली. शेतकरी कुटुंबातील मुलासाठी हे लहान लाभ नाहीत, आणि नीटवरील टीका करताना त्यांचे विस्मरण होऊ देणे अन्यायाचे ठरेल.

मराठवाड्याच्या दृष्टीने परीक्षेइतकाच जागांचा प्रश्न महत्त्वाचा होता. महाराष्ट्रात दीर्घकाळ ‘७०:३०’ नावाचे सूत्र लागू होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन विभागांत राज्य वाटलेले असून प्रत्येक विभागातील ७० टक्के जागा त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के जागा बाहेरच्यांना मिळत. ज्या विभागात महाविद्यालये अधिक, तेथील विद्यार्थ्याला या सूत्राचा लाभ होई. मराठवाड्यात मात्र औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथील शासकीय महाविद्यालयांपलीकडे फारसे काही नसल्याने अधिक गुण मिळवूनही येथील मुलांचा नंबर लागत नसे. सप्टेंबर २०२०मध्ये हे सूत्र रद्द झाले. त्यानंतर परभणीकरांनी जिल्ह्यासाठी लावून धरलेली मागणी मान्य होऊन २०२३मध्ये परभणीत १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि २०२४मध्ये हिंगोली व जालना येथेही महाविद्यालये उघडली. ज्या परीक्षेचा अडथळा अपरिवर्तनीय वाटत होता, त्याची उंची धोरणाच्या एका ओळीने बदलू शकते, ही गोष्ट या काळात सर्वांच्या लक्षात आली. कारण तेच विद्यार्थी, तीच परीक्षा आणि तितकेच गुण असताना प्रवेशाची शक्यता मात्र वेगळी झाली होती.

परीक्षा प्रत्यक्षात सुरू होते ती अर्ज भरण्यापासून, आणि शिक्षकांच्या कामाचा मोठा भाग येथेच खर्ची पडतो. छायाचित्राची पार्श्वभूमी पांढरी हवी आणि दोन्ही कान दिसायला हवेत. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नावाशी आधारवरील नाव अक्षरशः जुळायला हवे. जो मोबाईल क्रमांक दिला तो प्रवेशप्रक्रिया संपेपर्यंत चालू राहायला हवा, कारण ओटीपी त्याच्यावरच येतो, आणि शेतमजुरी करणाऱ्या घरात रिचार्ज संपल्यामुळे क्रमांक बंद पडणे ही नेहमीची बाब आहे. त्यानंतर प्रवर्गाचा प्रश्न येतो. देशातील शासकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतून भरल्या जातात, आणि या दोन याद्यांतील मागासवर्गांची सूची एकसारखी नसते. त्यामुळे एकच विद्यार्थी राज्याच्या यादीत आरक्षित आणि केंद्राच्या यादीत खुल्या प्रवर्गात असू शकतो. जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, मुदतीतील नॉन-क्रिमिलेयर आणि अधिवास यांपैकी एक कागद अपुरा असला, तर दोन वर्षांच्या अभ्यासाने मिळवलेला क्रमांक हातचा जातो. म्हणून अनुभवी शिक्षक अकरावीच्या पहिल्या सत्रातच मुलांना वैधता प्रमाणपत्राचा अर्ज दाखल करायला लावतात, वडिलांचा व आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला सांगतात आणि प्रत्येक मुलाच्या कागदांची एक पिशवी तयार करून घेतात. शहरातील सुशिक्षित घरात ही कामे आई-वडील करतात आणि मुलाला त्यांची जाणीवही होत नाही. पेडगावच्या मुलाला ती जीवशास्त्राच्या अभ्यासातून वेळ काढून स्वतः करावी लागतात.

आता प्रश्नपत्रिकेकडे वळू. १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण अशी तिची मांडणी आहे. प्रत्येक बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. मधल्या काही वर्षांत पर्यायी प्रश्न आणि वाढीव वेळ होता, तो २०२५पासून पुन्हा काढून घेण्यात आला. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे असून उरलेले भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांत समान वाटलेले आहेत. सराव चाचणी झाल्यावर शिक्षक मुलांना चुकांची वही ठेवायला सांगतात आणि प्रत्येक गमावलेल्या प्रश्नापुढे कारण लिहायला लावतात. या वह्या सातत्याने तपासणाऱ्याला गमावलेल्या गुणांचे तीन ठळक प्रकार दिसतात: विषयच माहीत नव्हता, विषय माहीत होता, पण वाचण्यात वा वेळेत गफलत झाली, आणि उत्तर जवळजवळ माहीत असूनही लिहिण्याचे धाडस झाले नाही.

दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. वस्तूचा वेग दुप्पट केल्यास तिच्या गतिज ऊर्जेत किती टक्के वाढ होईल, असा प्रश्न असतो आणि १००, २००, ३०० व ४०० असे पर्याय दिलेले असतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती चौपट होते, इथपर्यंत मुलगा अचूक पोहोचतो आणि ४०० या पर्यायाचे वर्तुळ काळे करतो. विचारलेली मात्र वाढ आहे, आणि १००ची ४०० झाल्यास वाढ ३०० टक्के होते. या मुलाला भौतिकशास्त्र येत नाही असे म्हणता येणार नाही, आणि वहीत सूत्र मांडून सोडवायला सांगितले तर तो एकही पायरी चुकत नाही. तरीही गुणपत्रिकेवर बरोबर उत्तर देणाऱ्यात आणि त्याच्यात पाच गुणांचे अंतर पडते, कारण एकाला चार मिळतात आणि दुसऱ्याचा एक जातो. अशा दहा प्रश्नांनी ५० गुणांचा फरक होतो, आणि लाखो उमेदवारांच्या यादीत ५० गुण म्हणजे शासकीय महाविद्यालय आणि पुन्हा एक वर्ष यांच्यातील अंतर असते.

तिसरा प्रकार अधिक विचार करायला लावतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, एवढेच ऐकून आलेली गावाकडील मुले शंका असलेला प्रश्न कोरा सोडतात, कारण घरात आणि शाळेत त्यांना जे येते तेवढेच लिहावे, असे शिकवलेले असते. हिशेब मात्र निराळे सांगतो. चार पर्यायांच्या चार प्रश्नांची उत्तरे अगदी अंदाजाने दिली, तरी सरासरीने एक बरोबर येऊन चार गुण मिळतात आणि तीन चुकून तीन गुण जातात, म्हणजे एक गुण पदरात उरतोच. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर अशा दर दोन प्रश्नांमागे सरासरी तीन गुणांचा लाभ होतो. हे गणित मोठ्या शहरांतील क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच सांगितले जाते, त्यामुळे तेथील मुले अर्धवट आठवणीचाही पुरेपूर उपयोग करतात. प्रामाणिकपणाने प्रश्न कोरा ठेवणारे मूल या पद्धतीत मागे पडते. परीक्षेच्या तंत्राची ही जाण ज्ञानाहून वेगळी आहे, आणि अभिक्षमतेहूनही वेगळी आहे. ती शिकवता येते, काही आठवड्यांत येते, आणि ज्याला शिकवणारा भेटला त्यालाच ती येते. शिक्षकांनी ती वर्गात उघडपणे शिकवायला घेतल्यावर मुलांचे सराव चाचण्यांतील गुण विषयाचा एकही नवा धडा न शिकवता वाढतात, हा अनुभव वारंवार येतो; आणि पूर्वीच्या गुणांत मुलांची कुवत किती आणि मार्गदर्शनाचा अभाव किती, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो.

भाषेच्या बाबतीतही परिस्थिती सरळ नाही. प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते हे खरे. पण अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीत शिकवले जाते, सराव चाचण्यांचे साहित्य इंग्रजीत असते, आणि मराठी अनुवादात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. त्यामुळे दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलांपैकी बरीच मुले शेवटी इंग्रजी प्रश्नपत्रिकाच निवडतात आणि एका मिनिटात एक प्रश्न या वेगाने परक्या वाक्यरचनेशी झगडतात. जीवशास्त्रातील विधान आणि कारण अशा जोडप्रश्नांत ‘केवळ’, ‘नेहमी’, ‘वगळता’ यांसारख्या शब्दांवर उत्तर फिरते, आणि तेथे त्यांचे गुण जातात.

पहिल्या प्रयत्नात नंबर न लागलेल्या मुलांचे काय होते, हे पाहिल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. ‘रिपीट’ करणे हा आता वैद्यकीय प्रवेशाचा जवळजवळ नियमित टप्पा झाला आहे. ज्या घरात तो खर्च झेपतो तेथे मुलाला दुसरी आणि तिसरीही संधी मिळते. ज्या घरात एका हंगामाची सोयाबीन बुडाली की सावकार किंवा सोसायटी आठवते, तेथे एकच प्रयत्न हाती असतो. मुलींच्या वाट्याला हा प्रश्न अधिक कठोरपणे येतो, कारण मुलाला खोली करून लातूरला ठेवणारे कुटुंब मुलीच्या बाबतीत एक वर्षही थांबायला तयार नसते आणि बी.एस्सी. किंवा नर्सिंगला प्रवेश घेऊन टाकते. राज्य सरकारने २०२४मध्ये ठरावीक उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले, ही फार मोलाची गोष्ट आहे. तथापि ती सवलत प्रवेश मिळाल्यावर लागू होते, आणि मुली गळतात त्या प्रवेशापूर्वीच्या वर्षात. महाज्योतीसारख्या शासकीय संस्था मागासवर्गीय मुलांना टॅबलेट व ऑनलाइन प्रशिक्षण देतात, त्याचा उपयोग होतो. परंतु वहीतील चूक पाहून तिचे कारण विचारणारा माणूस समोर असावा लागतो, ही गरज पडद्यावरच्या तासाने भागत नाही.

केवळ विषयज्ञान मोजणारी परीक्षा अपुरी आहे, तर तिच्या जागी किंवा तिच्या जोडीला खरी अभिक्षमता चाचणी आणावी, असा विचार साहजिकच पुढे येतो. या विचाराला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण चिंताजनक झाल्यावर १९२८मध्ये फ्रेड मॉस या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने अशी पहिली चाचणी तयार झाली, आणि तिच्यातूनच पुढे आजची ‘एमकॅट’ ही परीक्षा विकसित झाली. २०१५मध्ये तिच्यात मानसशास्त्र व समाजशास्त्र यांवर आधारित भाग समाविष्ट करण्यात आला. ब्रिटनमध्ये २००६पासून घेतली जाणारी, आता ‘यूकॅट’ नावाने ओळखली जाणारी चाचणी विषयज्ञान मुळीच विचारत नाही. उतारा वाचून निष्कर्ष काढणे, आकडेमोड करणे आणि रुग्णालयातील एखाद्या पेचप्रसंगात काय करणे योग्य ठरेल हे ठरवणे, असे तिचे भाग आहेत. भारतातही दिल्लीची आयुर्विज्ञान संस्था आणि पुदुच्चेरीची ‘जिपमेर’ यांच्या परीक्षांत तर्कावर आधारित काही प्रश्न असत. २०२०पासून या संस्थाही नीटच्या कक्षेत आल्या आणि ते प्रश्न थांबले.

पेडगाव परिसरातील शिक्षकांना या सूचनेबद्दल आशा कमी आणि काळजी अधिक वाटते. उतारा वेगाने वाचणे, आकृत्यांचा क्रम ओळखणे किंवा परिस्थितीवर आधारित प्रश्नात अपेक्षित उत्तर हेरणे, हीही सरावाने साध्य होणारी कौशल्ये आहेत. ज्या घरात पुस्तके आहेत, ज्या शाळेत वादविवाद होतात आणि ज्या शहरात अशा चाचण्यांचे क्लास निघतात, तेथील मुले त्यांत पुढे राहणार, हे उघड आहे. महाराष्ट्रात २०१६पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यात आली. प्रवेशाशी तिचा संबंध नसल्यामुळे कोणी तिचा क्लास लावला नाही आणि मुले मोकळ्या मनाने उत्तरे देत. तीच चाचणी उद्या एमबीबीएसच्या जागेशी जोडली, तर वर्षभरात तिची गाइडे बाजारात येतील. काळ्या रानातले आणि मुरमाड रानातले पीक एकाच काट्यावर मोजले, म्हणून दोन्ही शेतकऱ्यांचे कष्ट मोजले गेले असे होत नाही, आणि काटा बदलल्यानेही त्यात फरक पडत नाही.

याचा अर्थ अभिक्षमतेचा विचारच सोडून द्यावा, असा नाही. महाराष्ट्रातच तो विचार वेगळ्या रीतीने करून दाखवणारी संस्था आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिच्या प्रवेशपरीक्षेत विज्ञानाच्या विषयांबरोबर गांधीविचारांची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे, जेणेकरून ग्रामीण समाजाकडे पाहण्याची उमेदवाराची दृष्टी काही प्रमाणात कळावी. नीट अनिवार्य झाल्यावर ती परीक्षा थांबली. तथापि संस्थेच्या कामाचा अधिक मोलाचा भाग प्रवेशानंतर सुरू होतो: नव्या विद्यार्थ्यांचा आश्रमातील निवास, प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेणे, त्या गावातील घराघराशी जोडले जाणे आणि पुढील शिक्षणासाठी ग्रामीण सेवेची अट. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही उमेदवारांना काही दिवस एकत्र ठेवून, गटात कामे देऊन आणि मुलाखती घेऊन निवड करण्याची परंपरा होती. त्या संस्थेने नीटला न्यायालयात आव्हान दिले, परंतु एप्रिल २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांनाही नीट बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. या दोन्ही संस्थांच्या अनुभवातून एक गोष्ट निश्चित समजते: रुग्णाबद्दलची आस्था आणि गावात राहून काम करण्याची तयारी तीन तासांच्या कागदावर फारशी मोजता येत नाही, मात्र सहवासातून ती ओळखता येते आणि शिक्षणातून वाढवताही येते.

शासनाच्या धोरणात या गुणाची दखल घेतली जाते ती मात्र शिक्षण संपताना. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एक वर्षाची सेवा बंधनकारक असते आणि ती टाळायची झाल्यास दहा लाख रुपयांचा दंड भरावा लागतो. ज्या आरोग्य केंद्रांत डॉक्टर टिकत नाहीत, बाळंतपणासाठी आलेल्या बाईला रात्री परभणीला हलवावे लागते आणि सर्पदंशाच्या रुग्णाचा पहिला तास वाहन शोधण्यात जातो, त्या भागातूनच आलेली मुले डॉक्टर झाली, तर तेथे काम करण्याची त्यांची शक्यता अधिक असेल, असे मानायला सबळ कारणे आहेत. त्यांना भाषा येते, शेतीचे वेळापत्रक माहीत असते आणि रुग्ण उशिरा का आला हे विचारावे लागत नाही. प्रवेशाच्या वेळी या ज्ञानाला एकही गुण मिळत नाही, आणि पुढे त्याच ज्ञानाच्या अभावी डॉक्टरांना बंधपत्राने बांधावे लागते. तमिळनाडूने २०२०पासून सरकारी शाळांत शिकून नीट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. परीक्षा तीच ठेवून ती कोणत्या परिस्थितीत दिली गेली याचा विचार करण्याचा तो एक मार्ग आहे, आणि महाराष्ट्रात त्याची गंभीर चर्चा व्हायला हवी.

या सर्वांच्या मुळाशी विश्वासाचा प्रश्न आहे. मे २०२४च्या परीक्षेनंतर ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाल्याचे जाहीर झाले, वाढीव गुण मिळालेल्या १,५६३ उमेदवारांचे ते गुण रद्द करून त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला, पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत पोहोचला, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी प्रश्नपत्रिका इतकी अवघड निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. या चढउतारामुळे किती गुणांना नंबर लागतो, या पालकांच्या साध्या प्रश्नाचेही खात्रीचे उत्तर शिक्षकाजवळ उरले नाही. पर्सेंटाइल, म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांची टक्केवारी, समजावून सांगताना पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला प्रत्येक घरात नव्याने सांगावे लागते. खुल्या प्रवर्गात ५० पर्सेंटाइलला विद्यार्थी पात्र ठरतो, पण शासकीय जागा त्याच्या कितीतरी वर संपलेल्या असतात.

या अनुभवाचा निष्कर्ष असा की, प्रवेशपरीक्षा एका दुपारी जे मोजते, त्यात विद्यार्थ्याच्या बुद्धीबरोबर त्याला मिळालेले शिक्षक, वेळ, कागद, भाषा आणि दुसरी संधी या साऱ्यांचे माप मिसळलेले असते, आणि गुणपत्रिका ते वेगळे करून दाखवत नाही. परीक्षा नसावी असे म्हणणे सोपे आहे, परंतु तिच्याविना ग्रामीण मुलाच्या हाती काहीच उरणार नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून करण्यासारखी कामे ठोस आहेत: तालुक्याच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानाच्या सर्व विषयांचे पूर्णवेळ शिक्षक असणे, परीक्षेचे तंत्र शिकवणे हे क्लासवर न सोडता महाविद्यालयाने आपल्या वेळापत्रकात घेणे, जात वैधतेचे अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत निकाली निघणे, पहिल्या प्रयत्नात थोडक्यात राहिलेल्या गरीब मुलामुलींना, विशेषतः मुलींना, एका वर्षाचे सरकारी निवासी मार्गदर्शन मिळणे, आणि सरकारी शाळांतून आलेल्यांचा प्रवेशात स्वतंत्र विचार होणे. यांपैकी एकाही कामासाठी परीक्षेचा दर्जा कमी करावा लागत नाही. जे मूल चौपट आणि तीनशे टक्के यांतील फरक एकदा समजावून सांगितल्यावर पुन्हा कधी चुकत नाही, ते डॉक्टर होण्याच्या योग्यतेचे असते. त्याला ते वेळेवर समजावून सांगणारा कोणी भेटेल अशी व्यवस्था करणे ही समाजाची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडल्यानंतरच त्याच्या गुणांवरून त्याच्या कुवतीबद्दल बोलण्याचा अधिकार समाजाला मिळतो.